वाऱ्याची जाळी

१२ जानेवारी २००२, शनिवार

वसू येऊन गेली. थोरल्या अण्णांची लेक, आणि सगळं अण्णांचंच. जेवताना पानाकडे बघत नाही, बोलत राहते. सौ. दोनदा म्हणाली, "अगो, रसम निवालं." ऐकते कोण.

ती ज्या मोबाइल कंपनीत इंजिनिअर आहे तिचाच टॉवर आमच्या खळ्याशेजारच्या तुकड्यात. आज दोन माणसं आणून टॉवरच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडलं, त्यात मोठा पंखा बसवला. मी विचारलं, आत दोन दोन एसी असताना पंखा कशाला?

"काका, वीज गेली की तुमचा हा डिझेलचा जनसेट कुणासाठी धडधडतो सांगा."

"यंत्रांसाठी."

"चूक. यंत्रांना बॅटरी पुरते. तो धडधडतो एसीसाठी. बॅटरीवर एसी चालत नाही म्हणून डिझेल जाळायचं. आणि यंत्रांना एवढी थंडी लागतच नाही हो, ती आपल्यासारखी तंजावूरची आहेत. थंडी लागते चेन्नैच्या साहेबांना."

पंखा बॅटरीवर चालेल, बाहेरचा वारा आत घेईल. फारच तापलं तर तेवढ्यापुरता एसी. डिझेल वाचेल, धूर वाचेल. तो धूर म्हणे विरून जात नाही, वर राहतो, पृथ्वीवर कांबळं टाकल्यासारखा, आणि खाली आपण उकडतो. छान सांगते पोर. अण्णा असते तर...

पंख्यापुढे एक जाळी आहे, धूळ अडवायला. ताटलीएवढी नव्हे, चांगली दारातल्या पायपुसण्याएवढी. दर शुक्रवारी काढायची, वाहत्या पाण्यात धुवायची, सावलीत सुकवायची, परत बसवायची. हे काम तिने माझ्यावर सोपवलं. "गड्याला देऊ नका काका, आपटून फाडेल. आणि तंजावूरहून मोपेडवर माणूस पाठवला तर वाचवलेलं तेल रस्त्यातच जळलं. घरचं माणूस हवं. म्हणून तर पहिला टॉवर मी आपला निवडला."

मार्चपर्यंत पंख्याची परीक्षा. जमलं तर या भागात नवे टॉवर येतील त्या सगळ्यांना पंखे. नाही जमलं तर एसी, जनसेट, जुनंच सगळं. आणि हिची नोकरी अजून कच्ची, हिला बिलांच्या खात्यात बसवतील. हे तिने हसत सांगितलं. मी म्हटलं, काळजी करू नको. शब्द दिला.

१४ जाने.

पोंगल. सकाळी अंगणात भांडं उतू गेलं, नातवंडं नाहीत तरी सौ. ने एकटीने 'पोंगलो पोंगल' असं ओरडून घेतलं.

दुपारी तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, पडून टॉवरकडे पाहत होतो. पंखा बारीक घुमतो, जनसेट गप्प. किती दिवसांनी शेतावरचे बगळे ऐकू आले. राजवाड्यामागच्या बोळातली आमची मराठी शाळा आठवली, शाळा कसली, पंतोजींची ओसरी. वाऱ्यावरची कविता सगळे एका सुरात म्हणायचो आणि खरंच वारा यायचा असं वाटे. त्या ओसरीवरचे आता कितीजण हे अक्षर वाचू शकतील? घरात तर कुणीच नाही. मुलाला मराठी कळतं, उत्तर तमिळात देतो.

दोन ओळी सुचल्या.

लोखंडी ताड हा उभा, ना पान ना फळ यास;
वाऱ्यावरी जगे अता, सोडी न काळा श्वास.

'अता' ओढून आणलाय. असो.

१८ जाने., शुक्र.

जाळी काढली. स्क्रू चार. कालव्यावर नेली.

पायऱ्यांवर नेहमीचीच मंडळी. मी वेष्टी खोचून खालच्या पायरीवर बसलो आणि जाळी पाण्यात धरली. काळं पाणी निघालं. वर रस्त्यावर तंगवेलूची चहाची टपरी. हा माझ्याच हाताखाली शिकला, इंग्रजीत दोनदा नापास. तिथून ओरडला, "एन्ना रावसार, धुण्याचं काम घेतलंत की काय? आमच्याही घरची देऊ का?" बाकावरचे सगळे हसले. एक म्हातारा तर इतका हसला की त्याला ठसका लागला.

मी काय म्हणावं? म्हणालो, "मच्छरदाणीची चौकट आहे."

मच्छरदाणीची चौकट! का म्हणालो? सरळ सांगायचं, टॉवरची आहे. पण तोंडातून हेच गेलं. आमचे आजोबा या रस्त्याने जाताना लोक खांद्यावरचं वस्त्र उतरवून उभे राहत, असं वडील सांगायचे. खरंखोटं देव जाणे. मी मात्र ते ऐकतच मोठा झालो.

घाईत नीट धुतलीही नाही.

२५ जाने., शुक्र.

आज कालव्यावर जायचं नाही ठरवलं. घरी विहिरीवर नेली. सौ. आडवी आली.

"मज नको तें इथे. इंजिनातलं घाण. हें पाणी देवाला जातं."

"इंजिनातलं नव्हे ग, नुसती धूळ."

"धूळ तर धूळ. पुतणीला सांगा, तिच्या हापिसात धुवून घ्या म्हणावं."

गोठ्यामागे नेली, केरसुणीने झटकली. धूळ उडाली, निम्मी माझ्या नाकात. उरलेली आणखी आत बसली असावी. बसवून टाकली.

सायंकाळी वसूचा फोन. दर शुक्रवारी करते. "झालं का काका?" "झालं." झटकणं म्हणजे धुणंच एका अर्थी.

एका अर्थी! आयुष्यभर मुलांना विचारत आलो, वही पुरी केली का? आणि 'केली सार' यातला 'केली' कोणता खरा, कोणता खोटा हे मान वर न करता ओळखत आलो.

१ फेब्रु., शुक्र.

गेलोच नाही. गड्याला सांगावं असं मनात आलं. वसूने नको म्हटलंय म्हणून थांबलो असं लिहिणार होतो, पण इथे तरी नको. गड्याला सांगितलं असतं तर काम माझ्या अंगावर आहे हे त्याला कळलं असतं. त्याला कळलं की तंगवेलूला.

"झालं का काका?"

"झालं."

"तुम्ही आहात म्हणून बरं आहे हो. दुसऱ्या कुणावर मी एवढं टाकलं नसतं."

फोन ठेवल्यावर सौ. ने विचारलं, तोंड असं का?

९ फेब्रु.

मळणी सुरू. खळ्यावर ट्रॅक्टर फिरतोय. सगळीकडे तूस, हवाच पिवळी झालीय. लहानपणी आम्ही या तुसात उभे राहून डोळे मिटून घ्यायचो, अंगभर सोनं पडतंय म्हणून. आज टॉवरकडे पाहिलं तर पंख्याचं तोंड नेमकं खळ्याकडे. भिंतीला भोक पाडताना तिला हे सांगायला हवं होतं की इकडे मळणी होते. सुचलं नाही. मी खळ्याचं सोनंच बघत बसलेलो.

कालचा शुक्रवारही गेला. झालं म्हणालो.

१६ फेब्रु.

जनसेट लागला. दुपारी वीज गेली आणि लगेच धडधड. आधी नुसता पंखा फिरायचा. आता आत तापतंय, म्हणजे एसी, म्हणजे जनसेट. कारण मला माहीत आहे. गावात फक्त मलाच.

सौ. म्हणाली, "हें पुन्हा सुरू झालं काय?"

मी म्हणालो, उन्हाळा आला.

२२ फेब्रु., शुक्र.

टॉवरच्या आवाराची किल्ली घेऊन गेलो. जाळी म्हणजे काय, तुसाची चटईच. बोटाने टोचली तर जाडसर पापुद्रा निघाला. पंखा आत दमेकऱ्यासारखा.

काढली. काखेत धरून कालव्याकडे निघालो. आज नक्की, असं मनाशी म्हणत. पायऱ्यांवर मळणीची सगळी मजूरमंडळी अंघोळीला, पन्नासएक बाया-बाप्ये, आणि वर बाकावर तंगवेलू. त्याने हात वर केला. बहुधा नुसता नमस्कार. मी वळलो. शेताच्या बांधावरून परत येऊन जाळी होती तशी लावली.

परतताना धूर अंगावर आला. आमच्या नारळांच्या झावळ्यांमधून वर जात होता, निळसर. जातोय कुठे, राहतोय.

फोन आला तेव्हा सौ. ला उचलायला लावलं. "तुझे काका अंघोळीला गेलेत." मग तिनेच पुढे सांगून टाकलं, "हो हो, झालं, झालं." आता तीही माझ्याबरोबर.

२ मार्च

वसूचा सकाळीच फोन. आवाज उतरलेला. इथल्या टॉवरचं डिझेल कमी झालंच नाही, गेल्या महिन्यात उलट वाढलं. चेन्नैत म्हणतात, कावेरीच्या या दमट भागात वाऱ्याची युक्ती चालायची नाही, पुस्तकातली गोष्ट आहे. तिने सगळं तपासलं. पंख्याचा वेग, बॅटरी, वायरी. "जाळी तर स्वच्छच आहे, तुम्ही धुता. मग कुठे चुकतंय काका?"

हीच वेळ होती. मी म्हणालो, "दमट असेल."

६ मार्च, बुध.

न कळवता आली. मी तिण्णैवर होतो. जनसेटच्या आवाजात जीप ऐकूच आली नाही. चप्पल घालेपर्यंत ती खोलीपाशी पोचलेली.

मी पोचलो तेव्हा जाळी तिच्या हातात होती. ती जाळीकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. मग म्हणाली, "कालवा इकडेच ना?"

"मी करतो, दे."

"राहू दे."

ओढणी कमरेला बांधून खालच्या पायरीवर बसली आणि धुवायला लागली. हाताने, मग नारळाच्या शेंडीने, मग परत हाताने, एकेक चुणी उघडून. मी वरच्या पायरीवर तिची पर्स धरून उभा. तूस पाण्यावरून वाहत चाललेलं. बायका विचारत होत्या, कोण ही? तंगवेलू टपरीवरून उतरून आला, म्हणाला, "अम्मा, चहा पाठवू?" एवढंच. हसला नाही.

"टॉवरची आहे ना ही?" त्याने मला विचारलं. "मच्छरदाणी म्हणालात सार त्या दिवशी." वसूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तेव्हा तिला सगळं कळलं. न धुण्याचं कारणही.

रस्त्यात म्हणाली, "सांगायचं होतंत काका. लाज वाटते म्हणून सांगायचं. मी माणूस ठेवला असता." रागावली असती तर बरं झालं असतं. अण्णा रागावायचे.

जाळी बसवल्यावर थोड्या वेळात जनसेट बंद. ती उभी राहून ऐकत होती. चेहरा उजळला, मग परत विझला. म्हणाली, "पण महिना गेला. कागदावर तर तोच महिना आहे."

१४ मार्च, गुरु.

चेन्नैचे मोठे साहेब आले. गाडीतून उतरताच घाम पुसायला लागले. सौ. ने ताक दिलं. भला माणूस वाटला, तिण्णैवर मांडी घालून बसले, लाकडी खांबांवरून हात फिरवला, म्हणाले आमच्या आजोळी असंच होतं.

मी ठरवलं होतं सांगायचं. वाक्य जुळवून ठेवलं होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट.

साहेबांनी वसूलाच विचारलं, पण माझ्यादेखत. "एकच गोष्ट राहते. जाळी. दर आठवड्याला धुतली जात होती?"

सौ. दारात उभी. तंगवेलू चहाची किटली घेऊन आलेला, तोही उभा. साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही सांगा. धुतलीत?"

मी तोंड उघडलं. आणि वसू म्हणाली, "धुतली सार. काकांनी एकही आठवडा चुकवला नाही. जाळीची निवडच माझी चुकली. तुसाला ती फार बारीक, लगेच तुंबते."

मी तोंड मिटलं.

साहेब म्हणाले, "मग झालंच. उन्हाळ्यासाठी नव्या टॉवरांची मागणी पंचवीस तारखेच्या सोमवारी नक्की करतोय. एसीच घालू. वसुंधरा, वाईट वाटून घेऊ नको, कल्पना चांगली होती, जागा चुकली."

जागा चुकली. आमची जागा. आमचा वारा.

जाताना ती माझ्या पाया पडली, नेहमीसारखी. मी आशीर्वाद पुटपुटलो. काय पुटपुटलो ते मलाच ऐकू आलं नाही.

तंगवेलू किटली उचलता उचलता म्हणाला, "मोठ्या घरच्या मुली वेगळ्याच, सार." चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर सोसली असती.

१५ मार्च, शुक्र.

भर सकाळी, सगळ्यांसमोर, जाळी घेऊन कालव्यावर गेलो. खालच्या पायरीवर बसून धुतली, वसूने धुतली तशी, चुण्या उघडून. मान वर करून बाकाकडे पाहिलं. बाकावरचे पेपर वाचत होते. तंगवेलू दूध ओतत होता. एक बाई "सार, जरा सरका" म्हणाली आणि माझ्या शेजारी तिची चादर धुवायला लागली.

कुणी पाहिलंच नाही. दोन महिने मी ज्यांच्यापासून लपत होतो ते लोक होतेच कुठे? तंगवेलूची एक गंमत, ती तो दुसऱ्या दिवशी विसरलाही असेल. आणि त्याच्यापायी...

आता धुण्याने काय होणार? पंखा महिनाअखेर काढून नेणार आहेत.

१७ मार्च

जेवण जात नाही. सौ. म्हणते, "तिने स्वतःहून केलं, तुम्ही का जीवाला लावून घेता? घरची अब्रू राखली पोरीने." हेच तर. माझी अब्रू तिने तिच्या नोकरीने राखली. आणि या भागात जितके टॉवर उभे राहतील तितक्यांशेजारी कुणाचं तरी खळं, कुणाचे तरी नारळ, आणि रोज तो निळा धूर. वारा चालतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ते खोटं ठरवलं मी, खोटं ठरवायला आणखी काही केलं नाही, फक्त 'झालं' म्हणालो.

जानेवारीतल्या त्या दोन ओळी खोडायला घेतल्या. खोडल्या नाहीत. असू देत, दिसू देत.

२१ मार्च, गुरु.

सोमवारी मागणी नक्की होणार. आज केला फोन. साहेबांनी जाताना कार्ड दिलं होतं, "मास्तर, चेन्नैला आलात तर या."

सौ. देवळात गेलेली. दार लावून घेतलं.

त्यांच्या ऑफिसातल्या बाईने उचलला, मग वाट पाहायला लावली, मग साहेब. "अरे, मास्तर! बोला बोला, ताक अजून आठवतंय."

जुळवलेलं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. तमिळातच सांगितलं, मुलं सांगतात तसं, एका श्वासात. जाळी धुतली नव्हती सार. पहिल्यांदा अर्धी, मग मुळीच नाही. मळणीचं तूस भरलं. मला कालव्यावर धुताना लाज वाटली. पंखा चांगला आहे. वारा चालतो. मागणी देऊ नका.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

मग साहेब म्हणाले, "तुमच्या पुतणीला हे ठाऊक होतं?"

माझ्या तोंडून गेलं, "सहा तारखेला कळलं."

"म्हणजे चौदा तारखेला, तुमच्या तिण्णैवर, ती माझ्याशी खोटं बोलली."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढ्या दिवसांत, एवढं सगळं लिहून, एकदाही नाही. मी माझंच खोटं मोजत बसलो होतो. म्हणालो, "सार, तिने माझ्यासाठी... मी मोठा म्हणून... आमच्या घरात..." पुढे काय म्हणालो आठवत नाही. रडलो बहुधा.

साहेब म्हणाले, "आकडे खोटे असले तर आकडे मी बदलू शकतो, मास्तर. इंजिनिअर खोटं बोलत असेल तर..." थांबले. कुणीतरी त्यांच्या खोलीत आलं होतं, त्याला म्हणाले, दोन मिनिटं. मग मला, "सरि, ठीक आहे. पाहतो." आणि ठेवला.

काय पाहतो? पंख्याचं की वसूचं?

तिला सांगायला हवं, तिला त्यांच्याकडून कळण्याआधी. फोनपाशी बसलोय. तिचा नंबर दोनदा फिरवला, शेवटच्या आकड्यापर्यंत. बाहेर वीज गेलीय. टॉवरकडून नुसता पंख्याचा आवाज येतोय, अगदी बारीक. तिसऱ्यांदा फिरवला. वाजतोय.